दुसऱ्या वर्षाचा हप्ता

प्रश्न : माझी मुलगी सोलापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या प्रकल्पात ज्युनियर रिसर्च फेलो आहे. प्रकल्प केंद्र सरकारच्या पैशांवर चालतो आणि तीन वर्षांसाठी मंजूर आहे. तरी गेले पाच महिने तिला मानधन नाही. तिचे सर म्हणतात, "यूसी पाठवली आहे, हप्ता आला की देऊ." तीन वर्षांचं मंजूर झालंय, तर दरवर्षी पुन्हा कसली मंजुरी लागते? आणि मुळात हे पैसे कोणाला द्यायचे, हे ठरवतं कोण?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, म्हणजे पहिल्याचं उत्तर सोपं जाईल.

केंद्र सरकारचा संशोधनावरचा पैसा मुख्यतः दोन वाटांनी जातो. एक वाट सरकारच्या स्वतःच्या संस्थांची. तुमच्या जवळच, सोलापुरात, भारतीय कृषी संशोधन परिषदेचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचे पगार, प्रयोगशाळा, बागा हे सगळं परिषदेच्या वार्षिक तरतुदीतून चालतं. दुसरी वाट स्पर्धेची. महाविद्यालयातल्या किंवा विद्यापीठातल्या प्राध्यापकानं एक प्रश्न निवडायचा, तो कसा सोडवणार ते लिहायचं, खर्चाचा अंदाज मांडायचा आणि पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेकडे प्रस्ताव पाठवायचा. प्रस्ताव टिकला तर ठरावीक मुदतीसाठी अनुदान मिळतं. तुमच्या मुलीचा प्रकल्प या वाटेनं आलेला आहे.

पैसे देणाऱ्या संस्था अनेक आहेत. वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआर, जिची सुरुवात १९११ मध्ये 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' या नावानं झाली. सीएसआयआर १९४२ ची, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग १९७१ चा, जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ चा. विज्ञान-अभियांत्रिकीतल्या मूलभूत संशोधनासाठी २००८ मध्ये कायदा करून 'सर्ब' हे मंडळ उभं राहिलं. पुढे २०२३ च्या कायद्यानं 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन' स्थापन झालं, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो कायदा लागू झाला आणि सर्ब त्यात विलीन झालं. या फाउंडेशनच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करायचे, असा संकल्प आहे. त्यातले १४,००० कोटी सरकारी तिजोरीतून आणि उरलेले उद्योग, सार्वजनिक कंपन्या, देणगीदार यांच्याकडून यायचे आहेत. आपला देश संशोधन आणि विकासावर सगळे मिळून सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, असं २०२०-२१ ची सरकारी आकडेवारी सांगते. पैसा मुळात इतका थोडा, म्हणून प्रत्येक योजनेला अर्जदारांची गर्दी.

निवड कशी होते? संस्था प्रस्ताव मागवते, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. उद्दिष्टं, देशात-परदेशात या विषयावर आजवर काय झालं, पद्धत, वेळापत्रक, अर्जदाराचे शोधनिबंध आणि प्राचार्यांचं शिफारसपत्र, एवढं त्यात लागतं. खर्चाचे दोन भाग पडतात. यंत्रसामग्री हा भांडवली खर्च. फेलोचं मानधन, रसायनं, काचसामान, प्रवास, किरकोळ खर्च हा चालू खर्च. शिवाय वीज, जागा, कारकुनी काम यांपोटी संस्थेला ओव्हरहेड म्हणून काही रक्कम मिळते.

कागदपत्रं तपासून झाली की प्रस्ताव त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडे जातो. त्यांची नावं अर्जदाराला कळत नाहीत, अर्जदाराचं नाव मात्र त्यांना दिसतं. प्रश्न नवा आहे का, सांगितलेल्या पद्धतीनं तो सुटेल का, या माणसाला ते जमेल का आणि मागितलेले पैसे वाजवी आहेत का, यावर ते लेखी अभिप्राय देतात. मग विषयवार तज्ज्ञ समिती बसते, अभिप्राय समोर ठेवून प्रस्तावांवर चर्चा करते. अनेक योजनांत अर्जदाराला समितीपुढे उभं राहून मोजक्या मिनिटांत आपलं म्हणणं मांडावं लागतं. समिती बऱ्याचदा खर्चाला कात्री लावते. दोन फेलो मागितले तर एक देते, यंत्र विकत घेण्याऐवजी शेजारच्या संस्थेतलं वापरा म्हणते. समितीनं शिफारस केली की आर्थिक मान्यता मिळते आणि मंजुरीपत्र, म्हणजे सँक्शन ऑर्डर, निघतं.

ही निवड मनापासून होते, असं माझं मत आहे. आपापली नोकरी सांभाळून दुसऱ्याचा प्रस्ताव ओळ न् ओळ वाचणारे तज्ज्ञ या देशात आहेत. पण अर्जदाराचं नाव आणि संस्थेचं नाव समोर असताना नामांकित संस्थेचं पारडं जड होतं, हेही खरं. सर्बच्या निधीतला सुमारे ६५ टक्के वाटा आयआयटींकडे जात होता आणि राज्य विद्यापीठांच्या वाट्याला जेमतेम ११ टक्के येत होता, हे २०२३ चं विधेयक आणताना सरकारनंच सांगितलं होतं. देशातले बहुसंख्य विद्यार्थी मात्र राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांतच शिकतात. म्हणूनच सर्बनं त्याआधी, २०२२ मध्ये, राज्य विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांसाठी 'शुअर' ही वेगळी योजना काढली. तिथे स्पर्धा आपल्यासारख्यांशीच होती. सांगोल्याच्या आसपासच्या महाविद्यालयाला प्रकल्प मिळाला आहे, तर तुमच्या मुलीच्या सरांनी मोठा टप्पा गाठला आहे, हे आधी ध्यानात घ्या.

आता मानधनाचं बघू. मंजुरी तीन वर्षांची असली तरी पैसे एकरकमी येत नाहीत. ते वर्षावर्षाच्या हप्त्यांनी येतात आणि पुढचा हप्ता मागच्या हिशेबावर अवलंबून असतो. हा हिशेब म्हणजे यूसी, युटिलायझेशन सर्टिफिकेट, मराठीत उपयोगिता प्रमाणपत्र. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत त्याचा ठरलेला नमुना आहे, १२-अ. त्यात आडव्या ओळीत रकाने असतात : गेल्या वर्षीची शिल्लक, तिच्यावरचं व्याज, सरकारकडे परत भरलेलं व्याज, यंदा मिळालेलं अनुदान, एकूण उपलब्ध रक्कम, झालेला खर्च, वर्षअखेरची शिल्लक. खाली संस्थाप्रमुखाची आणि हिशेब अधिकाऱ्याची सही लागते. प्रत्येक शीर्षावर किती खर्च झाला, याचं वेगळं पत्रक सोबत जोडायचं. अनुदानावर बँकेनं दिलेलं व्याज प्रकल्पाचं नसतं, संस्थेचंही नसतं. ते भारताच्या संचित निधीत भरावंच लागतं. व्याजाचे थोडेसे रुपये भरायचे राहिले, एखादा आकडा बँकेच्या पासबुकाशी जुळला नाही, एवढ्यावर यूसी परत येते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, तीन वर्षांचे मिळून ३० लाख मंजूर झाले आणि नोव्हेंबरात पहिला हप्ता १४ लाखांचा आला. त्यातले ८ लाख उणे ८० अंशांच्या डीप फ्रीजरसाठी आणि पीसीआर यंत्रासाठी, ६ लाख चालू खर्चासाठी. तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग. बागांमधून गोळा केलेले जिवाणूंचे नमुने वर्षानुवर्षं जिवंत ठेवायचे तर तसा फ्रीजर लागतोच. कोटेशनं मागवणं, खरेदी समितीची बैठक, ऑर्डर यात फेब्रुवारी उजाडतो आणि यंत्र एप्रिलात येतं. त्यामुळे ३१ मार्चला खर्चाच्या रकान्यात फेलोचं पाच महिन्यांचं मानधन आणि थोडी रसायनं एवढंच दिसतं. दरमहा ३७,००० रुपयांप्रमाणे (जानेवारी २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोचा, म्हणजे जेआरएफचा, दर हाच आहे) पाच महिन्यांचे १,८५,००० झाले. घरभाडे भत्ता वेगळा. कागदावर ११-१२ लाख शिल्लक. पैसे देणारी संस्था साहजिकच विचारते, एवढी रक्कम पडून असताना नवा हप्ता कशाला?

पुढे फ्रीजर येतो, त्याचं बिल दिलं जातं, भांडवली पैसा संपतो. चालू खर्चाचे ६ लाख ऑक्टोबरपर्यंत कसेबसे पुरतात. तेव्हा दुसऱ्या हप्त्याची मागणी करायची, तर मार्चअखेरची तपासलेली यूसी हवी. महाविद्यालयाचं वार्षिक ऑडिट तोवर झालेलं नसतं. यूसी देण्यासाठी नियमानं आर्थिक वर्ष संपल्यानंतर बारा महिन्यांची मुदत आहे आणि अनेक संस्था त्या मुदतीवर विसंबून राहतात. पण ती बाहेरची सीमा आहे. यूसी हाती पडेपर्यंत पुढचा हप्ता निघत नाही, मग नियमात मुदत कितीही असो. ऑडिट डिसेंबरात उरकलं, यूसी जानेवारीत गेली, तिकडून एक शंका आली, तिचं उत्तर फेब्रुवारीत पोचलं आणि तोवर दिल्लीत वर्षअखेरची घाई सुरू झाली. नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने असे जातात. यात कोणी पैसे खाल्लेले नसतात, कोणी मुद्दाम अडवलेलं नसतं. मुलगी मात्र बागेत जाऊन नमुने आणते, प्रयोगशाळेत दिवस काढते आणि घरी पैसे मागते.

अलीकडे आणखी एक बदल झाला आहे. अनेक योजनांत पैसे आता संस्थेच्या बँक खात्यात आगाऊ जमा होत नाहीत. ट्रेझरी सिंगल अकाउंट पद्धतीत सरकारी खात्यावर खर्चाची मर्यादा ठरवून दिली जाते, बिल आलं की तिथून थेट पैसे निघतात आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा रद्द होते. सरकारचा पैसा हजारो खात्यांत पडून राहू नये, हा हेतू रास्त आहे. पण एप्रिलात येणाऱ्या यंत्राचं बिल या पद्धतीत अडकू शकतं आणि नवी मर्यादा मिळेपर्यंत मानधनही थांबतं.

काही सुधारणा खरोखर उपयोगाच्या झाल्या. जून २०२५ मध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनाशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली, खरेदी समितीमार्फत होणाऱ्या खरेदीची दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर. आठ लाखांच्या यंत्रांचा वेळ त्यानं फारसा वाचत नाही, पण छोट्या उपकरणांचा नक्की वाचतो.

मला अन्याय वाटतो तो एका गोष्टीत. फ्रीजरचे पैसे आणि माणसाचं मानधन एकाच हप्त्यात, एकाच यूसीला बांधलेलं आहे. यंत्र दोन महिने उशिरा आलं तरी ते कुरकुरत नाही. फेलोला मात्र दर महिन्याला खोलीभाडं आणि मेसचं बिल चुकत नाही. ज्यांनी सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा देऊन स्वतःच्या नावावर जेआरएफ मिळवलेली असते, त्यांची फेलोशिप त्यांच्या नावानं येते. प्रकल्पावर नेमलेल्या जेआरएफला तेवढाही आधार नसतो. मंजूर झालेल्या मुदतीचं मानधन हिशेबाच्या कागदापासून वेगळं काढून दरमहा द्यावं. प्रकल्पाच्या हिशेबात गडबड निघाली तर संस्थेला जाब विचारावा, तिचा ओव्हरहेड रोखावा. फेलोचं जेवणाचं ताट रोखून हिशेब लवकर येत नाही, हे इतक्या वर्षांत पुरेसं दिसलं आहे.

तोवर तुमच्या मुलीनं तीन गोष्टी कराव्यात. सँक्शन ऑर्डरची आणि स्वतःच्या नेमणूकपत्राची प्रत जवळ ठेवावी. यूसी कोणत्या तारखेला आणि कोणत्या जावक क्रमांकानं गेली, हे सरांना विचारून लिहून ठेवावं. म्हणजे फोन केल्यावर नेमकं बोलता येतं. आणि हप्ता येईपर्यंत महाविद्यालयानं आपल्या निधीतून मानधन उचल म्हणून द्यावं, अशी लेखी विनंती सरांमार्फत प्राचार्यांना करावी. हप्ता आल्यावर ती रक्कम वळती करून घेता येते. काही संस्था असं करतात. मुदतीतलं थकलेलं मानधन बुडत नाही, ते थकबाकी म्हणून मिळतं. म्हणून हजेरीची आणि कामाची वही तिनं एकही दिवस रिकामी सोडू नये.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकेचा प्रस्ताव दोनदा नामंजूर झाला. त्या आता अर्जच करणार नाही म्हणतात. नामंजुरी म्हणजे काम कच्चं, असं समजायचं का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. कातालिन कारिको यांचं उदाहरण त्यांना सांगा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्या एमआरएनएवर काम करत होत्या. या कामासाठी अनुदान मिळेना, म्हणून १९९५ मध्ये त्यांना खालच्या पदावर ढकललं गेलं. ड्रू वाइसमन यांच्यासोबतचा त्यांचा महत्त्वाचा निबंध २००५ मध्ये आला. कोविडच्या एमआरएनए लशी त्याच कामावर उभ्या राहिल्या आणि २०२३ मध्ये दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तज्ज्ञ अगदी कच्चे आणि अगदी उत्तम प्रस्ताव बऱ्यापैकी ओळखतात. मधल्या मोठ्या गठ्ठ्यात मात्र त्यांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं तर २०२१ पासून हे मान्य करून नियमच केला : दोन प्रस्ताव सारखेच ठरले आणि पैसे एकालाच पुरणार असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेनं एका योजनेत त्याआधी, २०१३ पासूनच, हे सुरू केलं होतं. मला ही रीत प्रामाणिक वाटते. सीमारेषेवरच्या निवडीत नशिबाचा भाग असतोच, तो मान्य केला की नामंजूर झालेल्या माणसाच्या कपाळी नालायकीचा शिक्का बसत नाही.

त्या प्राध्यापिका आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९९७ मध्ये क्रिस्टीन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे गोपनीय गुण मिळवून 'नेचर'मध्ये अभ्यास छापला. पुरुष अर्जदाराइतके गुण मिळवायला स्त्रीला सुमारे अडीचपट काम दाखवावं लागत होतं. आपल्याकडे तज्ज्ञांचे गुण असे बाहेर येत नाहीत. ते नावं वगळून प्रसिद्ध व्हायला हवेत.

प्राध्यापिकेनं एवढं करावं : नामंजुरीसोबत अभिप्राय आले असतील तर पुन्हा वाचावेत. 'अर्जदाराला पुरेसा अनुभव नाही' असं असेल, तर जवळच्या मोठ्या संस्थेतला सहकारी सहसंशोधक म्हणून घ्यावा. 'पद्धत स्पष्ट नाही' असं असेल, तर छोटासा प्राथमिक प्रयोग करून त्याचे आकडे जोडावेत. गणिताच्या असतील तर काम आणखी सोपं. सर्बनं गणिताच्या संशोधकांसाठी 'मॅट्रिक्स' ही तीन वर्षांची, वर्षाला दोन लाखांची योजना आखली ती हे ओळखूनच, की गणितज्ञाला महागडी यंत्रं लागत नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत आहे. त्याच्या प्रमुखांचं अनुदान 'रिन्यू' झालं, म्हणून त्याची नोकरी टिकली, असं तो सांगतो. आपल्याकडे तीन वर्षं संपल्यावर काय होतं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये, म्हणजे एनआयएचमध्ये, नूतनीकरण दोन प्रकारचं असतं. मुख्य अनुदान बहुधा चार-पाच वर्षांचं. त्या मुदतीत दरवर्षी प्रगतीचा अहवाल द्यायचा, तो ठीक असला की पुढच्या वर्षाचे पैसे नव्या स्पर्धेशिवाय मिळतात. मुदत संपत आली की तेच काम पुढे नेण्यासाठी पुन्हा स्पर्धेत उतरायचं. तिथे तज्ज्ञ १ ते ९ गुण देतात, १ सर्वांत चांगला. सरासरीला दहानं गुणून १० ते ९० असा अंतिम गुण निघतो. आधीच्या गुणांवरून खालच्या अर्ध्यात पडणाऱ्या प्रस्तावांवर तर बैठकीत चर्चाही होत नाही. वरच्यांची यादी पुढे सल्लागार मंडळाकडे जाते. जुन्या अनुदानात काय साध्य झालं, हे तिथे ठळकपणे मोजलं जातं.

आपल्याकडे बहुतेक योजनांत अशी दुसऱ्या प्रकारची सोय नाही. प्रकल्प संपतो तेव्हा पूर्णत्व अहवाल द्यायचा, शेवटची यूसी द्यायची, उरलेले पैसे परत करायचे. यंत्रं संस्थेच्या डेड स्टॉक रजिस्टरवर राहतात, पण सरकारच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाहीत. काम पुढे न्यायचं तर नवा प्रस्ताव, नवं शीर्षक, नवे तज्ज्ञ. चांगलं काम केलं असेल तर त्याचा उपयोग होतो, पण आधीच्या प्रकल्पाचा धागा म्हणून वेगळं मोजमाप होत नाही. मधल्या काळात शिकलेला फेलो दुसरीकडे जातो, जिवाणूंचे नमुने फ्रीजरमध्ये पडून राहतात आणि पुढच्या प्रकल्पात नव्या मुलाला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं. ज्या प्रकल्पाचा अंतिम अहवाल तज्ज्ञांनी उत्तम ठरवला, त्याला खंड न पडता दोन वर्षांची वाढ मिळावी, अशी तरतूद अनुसंधान फाउंडेशननं करावी, असं मला ठाम वाटतं. त्यासाठी वेगळा निधी काढायला नको, आहे त्या पैशातूनच हे होईल.

तोवर हाती असलेली एकच सवलत म्हणजे विनाखर्च मुदतवाढ. काम राहिलं असेल आणि पैसे शिल्लक असतील, तर नवे पैसे न मागता काही महिने वाढवून मागता येतात. तिचा अर्ज प्रकल्पाची मुदत संपण्याआधी करायचा असतो. नवा प्रस्ताव तर त्याहून आधी, दुसऱ्या वर्षातच लिहायला घ्यावा, कारण छाननी, समिती आणि मंजुरी यांत वर्षही निघून जातं. आणि महाविद्यालयांचे प्राचार्य किंवा हिशेब अधिकारी हे सदर वाचत असतील तर त्यांना एवढीच विनंती आहे : प्रकल्पांचं ऑडिट महाविद्यालयाच्या बाकी ऑडिटसाठी थांबवू नका, ते एप्रिल-मे महिन्यांतच उरका आणि जूनमध्ये यूसी पाठवा.